बावीसनंतर चोवीस

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी पियुषने फळ्यावर एक ओळ लिहिली आणि पाचही दिवस ती पुसू दिली नाही: आकडे खरे, नियम साधे, मग बघत बसायचं.

इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस शिक्षक बसले होते, सगळे गणिताचे नाहीतर विज्ञानाचे. वर्गात कॉम्प्युटरवर मॉडेल कसं करायचं आणि त्यातून मुलांना कसं शिकवायचं, हे त्यांना पाच दिवसांत शिकायचं होतं. मॉडेल म्हणजे स्क्रीनवर ठिपके सोडायचे. प्रत्येक ठिपक्याला एखाददोन नियम द्यायचे: पुढे जागा असेल तर चाल, नसेल तर थांब. मग घड्याळ सुरू करायचं. ठिपक्यांच्या मुंग्या होत, वायूचे रेणू होत, ताप पसरवणारी माणसं होत.

"गृहपाठ असा," पियुष म्हणाला. तिशीचा, बारीक, बोलताना सतत मार्करचं टोपण उघडणारा-लावणारा. "आपल्याच शाळेत रोज डोळ्यासमोर घडणारी एक गोष्ट घ्या. तिचं मॉडेल करा. शुक्रवारी दाखवायचं."

राजवाड्याजवळच्या शाळेतले एक वयस्कर सर म्हणाले, "भिया, आमच्या शाळेत रोज एकच गोष्ट घडते. बेल वाजते आणि सगळे कचोरीच्या ठेल्यावर पळतात."

"तर तेच करा ना, सर! पण मुलं किती, ठेले किती, गिनती खरी पाहिजे. अंदाजपंचे नाही चालणार. कॉम्प्युटर कुणाची इज्जत राखत नाही."

लॅब हसली. तिसऱ्या रांगेत बसलेली मैत्रीही हसली.

मैत्री अन्नपूर्णा भागातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. सातवी ब तिच्याकडे होती. महूहून रोज स्कूटीवर पाऊण तास यायची. कंत्राटावर तिचं हे तिसरं वर्ष होतं आणि तीन वर्षं पुरी केलेल्यांना संस्था एप्रिलमध्ये कायम करत असे. तिला ती ऑर्डर मिळणार, हे प्राचार्या निवेदिता मॅडमनी दोनदा तोंडी सांगितलं होतं.

तिने विषय निवडला तो शाळा रिकामी करण्याचा. येत्या शनिवारी शाळेत आगीचा सराव होता. बेल वाजली की वर्गातून मैदानात पोचायला मुलांना किती वेळ लागतो, हे मॉडेल सांगेल, असा तिचा हिशेब होता.

मंगळवारी तिने इमारतीचा नकाशा स्क्रीनवर चढवला. दुसऱ्या मजल्यावर सातवी ब, समोरचा जिना, मागचा जिना, मैदान. कोण कुठे बसतं ते तिच्या वहीत लिहिलेलं होतं, ते बघून ठिपके बाकांवर बसवले. संख्या हजेरीपटावरून घेतली: छत्तीस. मग नियम लिहिले. बाई एकेक नंबर पुकारतील, ज्याचा पुकारला तो रांगेत येईल. रांग समोरच्या जिन्याने उतरेल. बाई शेवटी निघतील. मैदानात मुलं पटापेक्षा कमी भरली, तर बाई परत आत जातील. हा शेवटचा नियम शाळेच्या सुरक्षा-परिपत्रकातून जसाच्या तसा घेतला होता.

बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिने घड्याळ सुरू केलं. मॉडेलमधल्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला टिक म्हणत. एकशे अठ्ठेचाळीस टिक झाल्या तेव्हा पस्तीस निळे ठिपके मैदानात होते. लाल ठिपका, म्हणजे बाई, त्यांच्यामागोमाग उतरला. मैदानात क्षणभर थांबला. आणि परत फिरला.

एक निळा ठिपका स्क्रीनच्या बरोबर मधोमध होता. तो पहिल्यापासून तिथेच असावा. गर्दी हलत होती म्हणून दिसला नव्हता.

लाल ठिपका वर गेला, रिकाम्या वर्गात फिरला, खाली आला, थांबला, पुन्हा वर गेला. सहाशे टिक. दोन हजार टिक. मधला ठिपका जागचा हलला नाही.

मैत्रीने त्याच्यावर बाण नेऊन दाबलं. चौकट उघडली: क्रमांक २३.

दाबायच्या आधीच तिला तो नंबर माहीत होता.

तेवीस नंबर म्हणजे श्रेया. तिच्या वडिलांची बदली झाली आणि जुलैत ते कुटुंब नागपूरला गेलं. जाताना त्यांनी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागितला होता. निवेदिता मॅडमनी तो दिला नाही. दाखला दिला की पटावरून नाव कापावं लागतं, आणि नाव कापलं की सातवी ब पस्तीसवर येते. संस्थेचा नियम असा होता की छत्तीसच्या खाली गेलेली तुकडी शेजारच्या तुकडीत मिसळायची. तुकडी गेली की तिची कंत्राटी बाईही गेली.

म्हणून श्रेया पटावर राहिली. मैत्री हजेरी नंबराने घ्यायची. एकवीस, प्रेझेंट मैम. बावीस, प्रेझेंट मैम. मग एक श्वास. मग चोवीस. हजेरी संपली की ती तेवीसच्या चौकोनात स्वतः P लिहायची. हे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत चाललं होतं. मुलांनी कधी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं हसली होती, पुढे तीही त्या श्वासाला सरावली.

"सर, जरा बघता?" तिने पियुषला बोलावलं.

पियुष वाकून बघत राहिला. "अरे, हे बेसिक आहे, मॅडम. तुम्ही छत्तीस ठिपके बनवले आणि जागा दिल्यात पस्तीस. ज्याला जागाच दिली नाही, तो बिचारा जाणार कुठे? मधोमध जन्मतो. शून्य, शून्य. सगळे तिथेच जन्मतात, मग आपण त्यांना जागेवर पाठवतो."

"पण मग तो हलत का नाही?"

"यादी दाखवा. नंबर पुकारायची." त्याने पडदा वर सरकवला. "हाताने टाइप केली?"

"हो."

"वीस, एकवीस, बावीस, चोवीस. तेवीस खाल्लं तुम्ही. पुकारलंच नाही, तो कसा येणार?"

मैत्रीने यादी पाहिली. टाइप करताना आपण नंबर गाळतोय, हे तिला कळलंही नव्हतं. बोटांनी वर्गातलीच सवय उचलली होती.

"तिथे असतं काय तुमच्याकडे?" पियुषने स्क्रीनच्या मध्यावर मार्कर टेकवला. "बिल्डिंगमध्ये. त्या पॉइंटला."

ते ठिकाण मागच्या जिन्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामध्ये, जिना वळतो त्या चौथऱ्यावर येत होतं. दोन वर्षांपूर्वी तिथलं प्लॅस्टर पडलं. तेव्हापासून लोखंडी जाळीचं दार बसवून तो भाग बंद केला होता. आत मोडके बाक होते.

"काही नाही," ती म्हणाली. "बंद असतं."

"मग दोनच उपाय. खरोखर असेल तर जागा द्या आणि यादीत घाला. नसेल तर उडवा. आता आहे पण आणि नाही पण, असं ठेवलंत तर ही बाई," त्याने लाल ठिपक्याकडे बोट दाखवलं, "फिरत राहील. थकत नाहीत हे लोक."

त्या दिवशी चार वाजता प्रशिक्षण सुटल्यावर मैत्रीने पूर्वाला फोन केला. पूर्वा तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. मैत्री प्रशिक्षणाला होती ते पाचही दिवस सातवी ब पूर्वा सांभाळत होती.

"सब बढ़िया," पूर्वा म्हणाली. "तीन दिवस छत्तीसचे छत्तीस. तुझी मुलं आजारी पडत नाहीत का गं? माझ्याकडे रोज चार जण गायब."

"तेवीस नंबर?"

"तेवीसचं काय?"

"तू पुकारतेस?"

"नाही तर काय, गाऊन दाखवू? बावीस, तेवीस, चोवीस. प्रेझेंट मैम, प्रेझेंट मैम, प्रेझेंट मैम."

मैत्री स्कूटीला टेकून उभी राहिली. "पूर्वा, तेवीसला कोण ओ देतं?"

"तेवीस नंबरची मुलगीच देणार ना. मागे शलाकाशेजारी बसते, तीच ना? आवाज तिकडूनच येतो."

"तू पाहिलंस तिला?"

"अगं, हजेरी घेताना माझी मान रजिस्टरमध्ये असते. आवाज आला की P. क्यों, कुछ पंगा है क्या?"

"पोरं मस्करी करतायत तुझी. ती मुलगी शाळेत नाहीये."

पूर्वा म्हणाली, "असेल. पण आज मी वह्या मोजून तपासल्या. छत्तीस होत्या." पुढे ती हसली. "एक वही जास्त निघाली म्हणून कुणी तक्रार करतं का? उद्या बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की वह्या मुलांना परत दिल्या होत्या आणि आता तिला नीट आठवत नव्हतं.

त्या गुरुवारी निवेदिता मॅडमनी मैत्रीला शाळेत बोलावून घेतलं. मुलं गेलेली होती. मॅडमच्या टेबलावर शनिवारच्या सरावाचा कागद होता: तुकडी, पट, हजर, बाहेर आलेले, वेळ.

"सातवी ब छत्तीस," मॅडम म्हणाल्या. "पटावर छत्तीस, हजर छत्तीस, बाहेर छत्तीस. सराव बघायला फायर ब्रिगेडचे संताजीराव येतायत. ते विचारतील, तुम्ही बोलाल, ते लिहितील. रिटायर्ड माणूस आहे, चहा घेतील आणि जातील."

"ते मोजतील, मॅडम."

"साडेचारशे मुलं? कोण मोजतं?" त्यांनी कागद सरळ केला. "हे बघा मैत्रीजी, पस्तीस झाले की तुकडी गेली. तुकडी गेली की एप्रिलची ऑर्डर गेली. मी तुम्हाला धमकी नाही देत. मॅनेजमेंटचा रूल आहे, मीही त्यालाच बांधलेली."

"दाखला दिला असता तर..."

"मार्चनंतर देऊ ना. दीड महिन्याने कुणाचं काय बिघडतंय?"

निघण्याआधी मैत्री दुसऱ्या मजल्यावर गेली. सातवी ब मध्ये सतरा बाकांवर दोन-दोन मुलं बसत. अठराव्या बाकावर, अगदी मागे खिडकीशी, शलाका एकटीच बसायची. मैत्रीने तो बाक पाहिला. बाकाच्या बरोबर मधून निळ्या पेनाने एक रेघ ओढली होती, पट्टी धरून, कडेपासून कडेपर्यंत. वर्गातल्या बहुतेक बाकांवर अशी रेघ होती. ही तुझी बाजू, ही माझी, कोपर इकडे आणायचं नाही. तिने रेघेवर बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

एकटी बसणारी मुलगी रेघ कुणासाठी मारेल? शलाका हुशार आणि खोडकर होती, एवढं मनाशी धरून ती खाली उतरली. समोरच्या जिन्याने.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने श्रेयाच्या आईला, शिखाला, नागपूरला फोन लावला. नंबर तिच्याकडे जुलैपासून होता. तिने तो कधी वापरला नव्हता.

"मॅडम! टीसीचं झालं का?" शिखाने पहिलाच प्रश्न विचारला.

"श्रेया कशी आहे?"

"आहे. तब्येत ठीक आहे. शाळेत जाते." शिखाचा आवाज खाली आला. "इथल्या शाळेने बसू दिलंय, पण टीसी आल्याशिवाय पटावर नाव घेत नाहीत. परीक्षेलाही बसवणार नाही म्हणतात. सात महिने पोरगी वर्गात बसतेय आणि हजेरीत तिचा नंबरच नाही. सगळ्यांचे नंबर होतात, ही ऐकत बसते."

"काही म्हणते का?"

"आधी रडायची. आता नाही रडत. आता हजेरीच्या वेळी अशी गुंगल्यासारखी होते, तिच्या बाईंनीच सांगितलं. आवाज दिला तरी ऐकत नाही. मग आपोआप भानावर येते. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो, काही नाही. मी विचारलं, कुठे असतं गं तुझं लक्ष? तर म्हणते, वर्गात होते. मी म्हटलं, कोणत्या वर्गात? जाऊ द्या. मॅडम, टीसी कधी देता?"

मैत्री म्हणाली, "बघते." फोन ठेवल्यावर तिने घड्याळ पाहिलं. नंतर आठवून आठवून तिने ताळा केला. नागपूरच्या शाळेची हजेरी आणि सातवी बची हजेरी साधारण एकाच वेळी होत असणार. बहुतेक शाळांची तशीच असते.

दुपारी तिने मॉडेल दाखवलं. आदल्या संध्याकाळी तिने तेवीस उडवला होता. पस्तीस ठिपके, पस्तीस जागा, एकशे अठ्ठेचाळीस टिक, लाल ठिपका शेवटी बाहेर. टाळ्या पडल्या. राजवाड्याचे सर म्हणाले, "आमची कचोरीची लाइन काही संपली नाही बुवा, तुमचे सगळे सुटले!"

पियुष जवळ आला. "उडवलं?"

"उडवलं."

"मग शाळेच्या रजिस्टरमध्येही दुरुस्त करा. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा छत्तीस टाकाल."

तो सहज म्हणाला होता.

शनिवारी आठ वाजता मैत्रीने हजेरी घेतली. बावीसनंतर नेहमीसारखा श्वास घेतला. त्या श्वासात वर्ग नेहमीपेक्षा शांत होता, असं तिला वाटलं. मान वर करून मागच्या बाकाकडे बघायचं तिने टाळलं. चोवीस, ती म्हणाली. शेवटी तेवीसच्या चौकोनात P लिहिला.

साडेदहाला घंटा सलग वाजू लागली. मैत्री दारात उभी राहून नंबर पुकारू लागली. रांग ठरल्याप्रमाणे समोरच्या जिन्याने उतरली. मैदानात सातवी ब दोन ओळींत उभी राहिली, एका ओळीत अठरा, दुसरीत सतरा. शेवटी शलाका एकटी, जोडीदाराविना.

संताजीराव हातात कागद घेऊन एकेका तुकडीशी येत होते. साठीचे, सडसडीत, पांढरा शर्ट, पायात अजूनही नोकरीतले बूट. त्यांचे आजे-पणजे होळकरांच्या फौजेत होते, असं निवेदिता मॅडमनी कुणाला तरी सांगितलेलं मैत्रीने ऐकलं होतं. ते विचारून लिहीत नव्हते. प्रत्येक मुलाच्या खांद्याला हात लावत, ओठांतल्या ओठांत मोजत येत होते.

"सातवी ब. पट?"

"छत्तीस."

"आज हजर?" त्यांनी तिच्या हातातल्या रजिस्टरमध्ये त्या दिवसाचा रकाना बोटाने खाली उतरत पाहिला. "छत्तीस." मग ते ओळीकडे वळले. खांद्यामागून खांदा. शलाकाशी येऊन थांबले. "पस्तीस."

निवेदिता मॅडम लगबगीने आल्या. "सर, एखादा इकडेतिकडे झाला असेल, चला ना, चहा..."

"एक आत आहे, मॅडम."

"नाही सर, म्हणजे तो... तो कागदावर..."

"कागदावर काय?"

निवेदिता मॅडमनी मैत्रीकडे पाहिलं. मैत्रीने रजिस्टरकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं, दोघींनाही येत होतं. ते बोललं की एप्रिलची ऑर्डर गेली.

"कोणता नंबर?" संताजीरावांनी विचारलं.

"तेवीस," मैत्री म्हणाली. "श्रेया."

"सराव असो की आग, आत माणूस असताना मी बाहेर सही करत नाही." ते इमारतीत शिरले. मागच्या बाजूने.

साडेचारशे मुलं उन्हात उभी होती. पाच मिनिटं झाली. सात झाली. निवेदिता मॅडम दबल्या आवाजात म्हणाल्या, "काय गरज होती हो नाव सांगायची? परत येतील तेव्हा सांगू, मुलगी टॉयलेटला होती, घरी पाठवली."

नवव्या मिनिटाला संताजीराव बाहेर आले. एकटेच होते. गुडघ्यांवर धूळ होती. पेन काढून ते कागदावर लिहू लागले.

"त्या मागच्या जाळीला नुसती कडी आहे," लिहिता लिहिता ते म्हणाले. "एकतर कुलूप लावा, नाहीतर मोकळी ठेवा. पोर आत मोडक्या बाकांमागे बसली होती. मी पुढे काढली तिला, लाइनीत पाठवलीय. रागावू नका, घाबरलेली आहे."

मैत्रीने विचारलं, "काही बोलली?"

"मी विचारलं, घंटा वाजली, सगळे गेले, तू का नाही गेलीस? तर म्हणते, मैम मेरा नंबर बोलती ही नहीं।" त्यांनी कागद पुढे केला. बाहेर आलेले या रकान्यात छत्तीस लिहिलं होतं. "इथे सही करा."

निवेदिता मॅडमनी मोठा श्वास सोडला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने समजून घेतलं. त्या हसल्यासुद्धा. "करा, मैत्रीजी. झालं की हो सगळं."

खरंच सगळं झालं होतं. पट छत्तीस, हजर छत्तीस, बाहेर छत्तीस, आणि तेही बाहेरच्या माणसाच्या अक्षरात. यापुढे सातवी बचा आकडा कुणी तपासणार नव्हतं.

मैत्रीने ओळीकडे पाहिलं. मुलं समोर बघत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं. शेवटी शलाका उभी होती, पण मघाच्या जागी नव्हती. ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली होती. कोपर अंगाशी घेऊन उभी होती, बाकावर रेघेपलीकडे कोपर जाऊ नये म्हणून घेतात तसं.

मैत्रीने रजिस्टर कठड्यावर ठेवलं. पर्समधून लाल पेन काढलं. तेवीस नंबरच्या ओळीवर, पट्टी नव्हती म्हणून सरावाच्या कागदाची कड धरून, एक सरळ रेघ ओढली. शेवटी लिहिलं: शाळा सोडली, जुलै. खाली सही केली.

"मैत्री मॅडम!" निवेदिता मॅडम म्हणाल्या.

"सर," मैत्री संताजीरावांना म्हणाली, "ती जुलैपासून नागपूरला आहे. इथे नाही. मी रोज तिचा P लावत होते. आमचा पट पस्तीस आहे."

संताजीरावांनी तिच्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. "मग मी खाली कुणाला आणलं?"

ते ओळीशी गेले आणि पहिल्या मुलापासून पुन्हा मोजू लागले. खांदा, खांदा, खांदा. शलाकाच्या खांद्याला हात लावून त्यांनी तो उचलला आणि तिच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेवर नेला. बारा वर्षांच्या मुलीचा खांदा असतो तेवढ्या उंचीवर हात थांबला. तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पँटला पुसला.

"पस्तीस," ते म्हणाले.

त्यांनी कागदावरचा छत्तीस खोडला, पस्तीस लिहिला आणि शेजारी सही ठोकली. चहा न घेता गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत शलाका अर्धं पाऊल उजवीकडे सरकून आपल्या जागेवर आली होती.

सोमवारी दाखला स्पीड पोस्टने नागपूरला गेला. निवेदिता मॅडमनी त्यावर मैत्रीकडे न बघता सही केली. बुधवारी नोटीस लागली: सातवी अ आणि ब एकत्र, एक तारखेपासून. मैत्रीचं कंत्राट मार्चअखेर संपणार होतं आणि ते वाढवणार नव्हते. पूर्वा तिला म्हणाली, "पागल है तू," आणि स्वतःच्या डब्यातले दोन पराठे तिच्या डब्यात घातले.

जाळीला कुलूप लावायला गेलेल्या शिपायाने सांगितलं, कुलूप दोन वर्षांपूर्वीचंच लागलेलं होतं. गंजलेलं. किल्ली त्यात शिरतच नव्हती.

आठ दिवसांनी शिखाचा मेसेज आला. टीसी मिळाली. नाव चढलं. नंबर एक्केचाळीस. आज पहिल्यांदा पुकारला, लगेच ओ दिली म्हणे.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मैत्रीने सातवी बच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये पस्तीस ठिपके होते, ते तसेच ठेवले. फक्त पुकारायच्या यादीत बावीस आणि चोवीस यांच्यामध्ये तिने तेवीस टाइप केलं. असा ठिपका आता मॉडेलमध्ये नव्हता. नंबर पुकारला जाईल, कुणी येणार नाही, मग पुढचा नंबर.

तिने घड्याळ सुरू केलं. बावीस गेला. एक टिक कुणीच हललं नाही. मग चोवीस निघाला. पस्तीस ठिपके मैदानात पोचले, लाल ठिपका त्यांच्यामागे उतरला, थांबला, आणि या वेळी परत फिरला नाही. एकशे एकोणपन्नास.

स्क्रीनच्या मध्यावर काही नव्हतं. घंटा वाजली, मुलं वर येऊ लागली, शलाका मागच्या बाकावर आपल्या बाजूला जाऊन बसली. मैत्रीने लॅपटॉप मिटला नव्हता. घड्याळ चालूच होतं, आणि ती मधल्या जागेकडे बघत होती.